जवळ्याची कोळंबी होत नाही : खोल समुद्रातल्या नव्या प्रजातीला नाव कसे मिळते

मुंबईतल्या कोणत्याही मासळी बाजारात जवळ्याच्या ढिगाकडे बोट दाखवून "ही कोळंबीची पिल्लं का?" असे विचारणारे गिऱ्हाईक एखादे तरी भेटतेच, आणि पाटीमागे बसलेली मावशी हातातले काम न थांबवता सांगते की हा जवळा, हा एवढाच असतो, याची कोळंबी होत नाही. तिचे उत्तर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तंतोतंत बरोबर आहे. दोन-तीन सेंटिमीटरांचा तो पारदर्शक जीव पूर्ण वाढलेला असतो, त्याच्यात नर आणि मादी असतात, आणि भिंगाखाली धरला तर त्याच्या वेगळेपणाचा बिनतोड पुरावाही दिसतो. कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात, तर जवळ्याला तीनच, कारण त्याच्या वंशात मागच्या दोन जोड्या नाहीशा झालेल्या आहेत. आंरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी 1830 मध्ये या जीवाला असेटीस इंडिकस असे शास्त्रीय नाव दिले. आपल्या किनाऱ्यावर त्याचे कालवण आणि सुकट त्याआधी किती पिढ्या होत आली असेल, याचा हिशेब अर्थातच त्या नावात नाही.

त्यानंतर 49 वर्षांनी याच मिल्न-एडवर्ड्स यांचे चिरंजीव अल्फोन्स यांच्यासमोर एक वेगळाच नमुना आला. अमेरिकी सर्वेक्षण जहाज 'ब्लेक' याने मेक्सिकोच्या आखातातल्या खोल पाण्यातून तो वर काढला होता. आपण कुंडी उचलली की खाली ओलाव्यात जे करडे, खवल्याखवल्यांचे किडे पळताना दिसतात, आणि ज्यांतले काही हात लावताच गोळी होऊन बसतात, त्यांच्याच गणातला हा प्राणी होता, पण हाताच्या बोटाएवढा नव्हे तर दोन्ही हातांत धरावा लागेल इतका मोठा. अल्फोन्स यांनी 1879 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बॅथिनोमस जायगँटियस असे नाव ठेवले. वडिलांनी नाव दिलेला जवळा चिमटीत मावतो आणि मुलाने नाव दिलेला हा प्राणी ताटात मावणार नाही, तरी दोघांसमोरचा प्रश्न एकच होता, आणि तो बाजारातल्या त्या गिऱ्हाइकाचाच प्रश्न आहे: हे आधीच माहीत असलेल्या एखाद्याचे पिल्लू, मादी किंवा थोडे वेगळे दिसणारे भावंड आहे, की खरोखर निराळे काही?

पुढे जाण्याआधी शब्दांबद्दल एक खुलासा करायला हवा. मराठी विश्वकोशाच्या नोंदींत ज्याला 'जाती' म्हटलेले आढळते त्याला वर्तमानपत्रांनी 'प्रजाती' हा शब्द रूढ केला आहे, आणि मीही येथे तोच वापरतो. प्रजातीच्या वरच्या पायरीला वंश म्हणतात. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा असतो आणि दोन्ही शब्द मिळून प्रजाती सांगतात. कवचधारी म्हणजे कोळंबी, चिंबोरी, शेवंड, जवळा आणि त्यांचा सगळा गोतावळा. अंगावर सांध्यासांध्यांचे कठीण आवरण, दोन जोड्या मिशा आणि वाढीसाठी वेळोवेळी कात टाकण्याची सक्ती, ही या सगळ्यांची सामाईक लक्षणे आहेत. खोल समुद्रात यांतले दोन गट फार महत्त्वाचे ठरतात: वरून खाली चपटे असलेले आयसोपॉड, ज्यांत बॅथिनोमस येतो, आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असलेले अँफिपॉड.

'नवी प्रजाती सापडली' ही बातमी आपण ज्या पद्धतीने वाचतो तीत एक गफलत असते. आपल्या डोळ्यांसमोर जहाज येते, जाळे वर येते आणि कोणीतरी आश्चर्याने ओरडतो. प्रत्यक्षात जाळे वर येते तेव्हा हाताशी फक्त एक प्राणी असतो. तो नवा आहे हे विधान त्या प्राण्याविषयीचे नसून आजवर नोंदलेल्या त्याच्या सर्व नातेवाइकांविषयीचे असते, कारण त्याचा अर्थ असा होतो की आतापर्यंत वर्णन केलेल्या एकाही प्रजातीत हा बसत नाही. एवढे मोठे नकारार्थी विधान जहाजाच्या डेकवर उभे राहून करता येत नाही. ते करण्यासाठी जुने लेख, जुनी चित्रे आणि जगभरच्या संग्रहालयांतल्या जुन्या बरण्या उघडाव्या लागतात.

2018 साली सिंगापूर आणि इंडोनेशियाच्या शास्त्रज्ञांनी जावाच्या दक्षिणेकडे, म्हणजे आपल्याच हिंदी महासागरात, 14 दिवसांची मोहीम काढली. त्यांना सुमारे 950 ते 1,260 मीटर खोलीवर बॅथिनोमसचे दोन प्रौढ नमुने मिळाले, त्यांतला नर 36.3 सेंटिमीटर आणि मादी 29.8 सेंटिमीटर लांबीची होती. त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले ते 2020 च्या जुलैमध्ये, आणि नाव ठेवले गेले बॅथिनोमस राक्सासा. इंडोनेशियाच्या भाषेत 'राक्सासा' म्हणजे महाकाय, आणि तो शब्द संस्कृतातून तिकडे गेला आहे हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे राक्षस म्हटले की दात विचकणारी आकृती डोळ्यांपुढे येते, तिकडे मात्र त्या शब्दातला आकारच उरला आहे. याच मोहिमेत बॅथिनोमसची चार पिल्लेही मिळाली होती, पण त्यांना शास्त्रज्ञांनी राक्सासा म्हटले नाही. प्रजाती ओळखण्याची लक्षणे त्या वयात पुरेशी उमटलेली नसतात, म्हणून त्यांनी हात आखडता घेतला. माझ्या मते त्या संपूर्ण लेखातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

मुंबईकराला समुद्र रोज दिसतो, पण खोल समुद्र त्याच्यापासून फार दूर आहे. शास्त्रात 200 मीटरच्या खाली खोल समुद्र सुरू झाला असे ढोबळमानाने मानतात. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत असलेल्या बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रातही पाणी जेमतेम 75 मीटर खोल आहे, कारण आपल्या किनाऱ्यापुढे उथळ तळाचा एक रुंद कट्टा पसरलेला आहे आणि तो संपल्यावरच तळ झपाट्याने खाली जातो. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरणारी जवळजवळ सगळी मासळी या कट्ट्यावरची असते. असे असले तरी भारताच्या खोल समुद्राच्या अभ्यासाची सुरुवात मुंबईशी दोन धाग्यांनी जोडलेली आहे. 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षणाचे लाकडी वाफेचे जहाज 1881 मध्ये बॉम्बे डॉकयार्डमध्ये बांधले गेले. आणि 1888 पासून काही वर्षे त्या जहाजावर वैद्य व निसर्गतज्ज्ञ म्हणून काम केलेले आल्फ्रेड अल्कॉक यांचा जन्मही 1859 मध्ये मुंबईतच झाला होता. जहाजाचे मुख्य काम किनाऱ्यांचे नकाशे करण्याचे होते, आणि त्यातून सवड मिळेल तसे जाळे खाली सोडले जाई. त्यातून अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातल्या कवचधारी प्राण्यांच्या कित्येक प्रजाती प्रथम उजेडात आल्या. ते नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले, आणि 1916 मध्ये त्याच संग्रहालयाच्या प्राणिविभागातून भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. आजही भारताच्या आसपासच्या खोल समुद्रातले काही नवे वाटले तर अल्कॉक यांच्या वेळचे नमुने आणि वर्णने पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता नमुना हाती येतो कसा ते पाहू. तळ खरवडणारे जाळे, तळावरून घसरत जाणारी जाळीची घसरगाडी, आमिष लावलेला सापळा आणि दूरनियंत्रित पाणबुडी ही नेहमीची साधने आहेत. खोल समुद्रातले पुष्कळ अँफिपॉड मृतभक्षक असल्यामुळे बांगड्यासारखा मासा सापळ्यात ठेवला की ते स्वतःहून चालून येतात. दर 10 मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, म्हणजे हजार मीटरवर तो पृष्ठभागाच्या शंभरपट होतो. पण कवचधाऱ्यांच्या शरीरात माशांसारखी हवेची पिशवी नसल्याने वर येताना ते फुटत नाहीत. त्यांचा घात होतो तो उष्णतेने, कारण दोन-चार अंशांच्या पाण्यात जगलेला जीव आपल्या कोमट पृष्ठजलात काही मिनिटांतच ढिला पडतो. शिवाय जाळ्यात घासून मिशा तुटतात, पाय गळतात, आणि नेमकी मिशांची लांबी हेच ओळखीचे लक्षण असले तर तो नमुना अर्धा वाया गेल्यासारखाच होतो.

म्हणून डेकवरची पहिली घाई छायाचित्राची असते. खोल पाण्यातले पुष्कळ कवचधारी लालभडक असतात. लाल प्रकाश तिथवर पोहोचतच नसल्यामुळे लाल रंग तिथे काळोखासारखाच काम करतो. पण अल्कोहोलमध्ये ठेवले की काही दिवसांतच तो रंग उतरतो आणि प्राणी फिका पडतो, त्यामुळे जिवंतपणीचा रंग नोंदवायचा तर तेव्हाच नोंदवावा लागतो. त्यानंतर स्नायूचा एक बारीक तुकडा डीएनएसाठी तीव्र इथेनॉलमध्ये जातो आणि उरलेला प्राणी बरणीत जातो. बरणीच्या आत एक चिठ्ठी टाकतात, आणि त्या चिठ्ठीवर अक्षांश, रेखांश, खोली, तारीख आणि साधन ही माहिती पेन्सिलीने लिहितात, कारण बहुतेक शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि पेन्सिलीचे शिसे विरघळत नाही. कोट्यवधींची मोहीम अखेर दोन रुपयांच्या पेन्सिलीवर टेकलेली असते, कारण चिठ्ठी हरवलेला नमुना कितीही सुंदर असला तरी तो कुठला हे कोणालाच सांगता येत नाही.

यापुढचे काम टेबलावरचे आहे आणि ते महिनोन्‌महिने चालते. सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्याच्या एका बाजूचे अवयव एकेक करून सोडवले जातात: मिशा, जबडे, जबड्यांमागचे खाण्याचे लहान पाय, चालण्याचे पाय, पोटाखालचे पोहण्याचे पाय. दुसरी बाजू मुद्दाम अखंड ठेवतात, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला पडताळा घेता येतो. प्रत्येक अवयव काचपट्टीवर ठेवून त्याचे रेखाचित्र काढले जाते. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशाच्या साधनातून प्रतिमा कागदावर पडते आणि तिच्यावरून रेषा उमटवत जायचे असते. छायाचित्राच्या जमान्यात हे कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पण छायाचित्र समोरचे सगळे सारख्याच भावाने दाखवते, तर चित्र काढणाऱ्याला प्रत्येक केस आणि काटा कुठून उगवतो याचा निर्णय करावा लागतो, आणि तो निर्णय घेता घेताच प्राणी समजतो. बॅथिनोमसच्या बाबतीत शेपटीच्या ढालीच्या कडेवरचे काटे किती, ते सरळ की वळलेले, तोंडावरच्या पट्टीचा आकार कसा, मिशा मागे किती लांब पोहोचतात, अशा गोष्टी मोजल्या जातात. आकाराचे आकर्षण बातमीदाराला असते. शास्त्रज्ञाला केवळ आकार फारसा उपयोगी नसतो, कारण तो वयावर अवलंबून असतो.

वयाचा हा घोटाळा जवळ्याच्या गिऱ्हाइकापुरता नाही. आयसोपॉडची पिल्ले आईच्या पोटाखालच्या पिशवीतून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या चालण्याच्या पायांची शेवटची, म्हणजे सातवी जोडी अजून फुटलेलीच नसते. त्यामुळे नुसते पाय मोजून प्रजाती ठरवणारा येथे हमखास फसेल. कोळंबी-चिंबोरीच्या बाबतीत तर पिल्लू आणि प्रौढ यांच्यात नाव सांगितल्याशिवाय नातेही लक्षात येणार नाही इतका फरक असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खेकड्यांच्या आणि शेवंडांच्या डिंभांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बाल्यावस्थांना, स्वतंत्र प्राणी समजून झोइया, मेगॅलोपा, फायलोसोमा अशी वंशनामे दिली गेली होती. चूक उमगल्यावर हीच नावे त्या अवस्थांची नावे म्हणून राहिली. यांतला सर्वांत लांबलेला घोळ सेरास्पिस नव्हे, सेराटॅस्पिस याचा आहे (हे नाव उच्चारताना माझी जीभ नेहमीच अडखळते). अंगभर शिंगे आणि गाठी असलेला हा विचित्र जीव 1828 मध्ये एका सागरी प्राण्याच्या पोटातून मिळाला आणि त्याच्या रूपावरून त्याला मॉन्स्ट्रोसस, म्हणजे अक्राळविक्राळ, असे विशेषण लागले. त्याचा प्रौढ मात्र कुणालाच दिसला नव्हता. 2012 मध्ये डीएनए जुळवून पाहिल्यावर कळले की तो खोल समुद्रातल्या एका कोळंबीचा डिंभ आहे, आणि ती कोळंबी प्लेसिओपिनियस आर्माटस या निराळ्याच नावाने एकोणिसाव्या शतकापासून पुस्तकांत नोंदलेली होती. एकाच प्राण्याच्या बालपणाला एक नाव आणि मोठेपणाला दुसरे, हा घोळ डिंभाला नाव मिळाल्यापासून 184 वर्षांनी सुटला. नियम असा की आधीचे नाव टिकते, त्यामुळे त्या रुबाबदार कोळंबीला आता आपल्या बालपणीच्या नावाने वावरावे लागते.

डीएनएमुळे कोडी सुटतात तशी नवी तयारही होतात. युरिथेनिस ग्रिलस हा मोठा अँफिपॉड जगातल्या जवळजवळ सर्व महासागरांत आढळणारी एकच प्रजाती आहे असे बराच काळ मानले जाई. जनुकांची तुलना झाल्यावर त्या एका नावाखाली अनेक वेगवेगळ्या शाखा असल्याचे दिसले आणि त्यांचे एकेक करून वर्णन सुरू झाले. त्याच वंशातल्या एकाचे 2020 मध्ये मारियाना गर्तेतून वर्णन झाले तेव्हा त्याच्या आतड्यात प्लास्टिकचा तंतू आढळला, म्हणून त्याचे नाव युरिथेनिस प्लास्टिकस ठेवले गेले. बॅथिनोमसच्या बाबतीतही असेच घडले. मेक्सिकोच्या आखातात युकातान द्वीपकल्पाजवळ 2017 मध्ये पकडलेला एक नमुना सुरुवातीला जायगँटियसच समजला गेला होता. शेपटीवरच्या काट्यांची संख्याही जुळत होती, पण शरीर सडपातळ होते, मिशा अधिक लांब होत्या, आणि दोन जनुकांच्या तुलनेने वेगळेपण पक्के केले. 2022 मध्ये तो बॅथिनोमस युकातानेन्सिस झाला. ज्या आखाताने 1879 मध्ये या वंशाची ओळख करून दिली त्याच आखातात दुसरी प्रजाती 143 वर्षे डोळ्यांसमोर असूनही दिसली नव्हती. आपल्या चिखलातल्या चिंबोरीचीही हीच गोष्ट आहे. स्किला सेराटा या एका नावाखाली गणल्या जाणाऱ्या चिंबोऱ्यांच्या 1998 मध्ये चार प्रजाती ठरल्या, आणि त्यासाठी कोणालाही खोल समुद्रात जावे लागले नाही.

तरीही डीएनए म्हणजे अंतिम निकाल असे समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. यंत्र फक्त एवढेच सांगते की डीएनएतल्या घटकांच्या क्रमाची ही अक्षरमाला माहितीसाठ्यातल्या कोणत्याही अक्षरमालेशी जुळत नाही. खोल समुद्रातल्या बहुसंख्य जुन्या प्रजातींची अक्षरमाला साठ्यात नाहीच, कारण त्यांचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवले गेले आणि फॉर्मॅलिनने डीएनए मोडकळीला येतो. अशा वेळी जुळत नाही याचा अर्थ 'नवा आहे' असाही निघतो आणि 'जुन्याची नोंद अजून झालेली नाही' असाही निघतो. त्यातला कुठला खरा हे ठरवायला पुन्हा बरणीच उघडावी लागते.

वेगळेपणाची खात्री झाली की लेखन सुरू होते, आणि येथे शास्त्र एकदम नोंदणी कार्यालयासारखे काटेकोर होते. प्राण्यांच्या नावांचा एक आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह आहे. त्याचा काळ दोन शब्दांच्या नावांची पद्धत रूढ करणारे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनेयस यांच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 1 जानेवारी 1758 पासून मोजला जातो, आणि सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. तिच्यानुसार नव्या प्रजातीसाठी नावाचा आधार ठरणारा नमुना स्पष्टपणे नेमून देणे सक्तीचे आहे. हा नमुना एकच असला तर त्याला होलोटाइप म्हणतात, आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हेही लिहावे लागते. होलोटाइप हा त्या प्रजातीचा सर्वांत देखणा किंवा सर्वसामान्य प्रतिनिधी असतो असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. होलोटाइप हा नुसता खुंटा आहे. नाव त्या खुंट्याला बांधलेले असते. दोर किती लांबवर जातो, म्हणजे आणखी कोणकोणते प्राणी त्या नावात येतात, याबद्दल शास्त्रज्ञ पुढची शंभर वर्षे वाद घालू शकतात, आणि घालतातही, पण खुंटा जागचा हलत नाही. उद्या कोणी सिद्ध केले की एका नावाखाली दोन प्रजाती मिसळल्या होत्या, तर जुने नाव ज्या बाजूला होलोटाइप आहे तिकडे जाते आणि दुसऱ्या बाजूला नवे नाव शोधावे लागते.

लेखाची भाषा रूक्ष असते. आधी निदान येते, म्हणजे ही प्रजाती तिच्या जवळच्या नातेवाइकांपासून नेमक्या कोणत्या खुणांनी वेगळी आहे ते थोडक्यात. जवळ्याचे निदान करायचे तर 'चालण्याच्या पायांची चौथी व पाचवी जोडी नाही' हे वाक्य त्यात यावेच लागेल. त्यानंतर मिशांपासून शेपटीपर्यंतचे पानेच्या पाने वर्णन, चित्रे, नमुन्यांची यादी, आढळस्थान, आणि शेवटी तुलनात्मक चर्चा. ही चर्चाच लेखाचा प्राण आहे, आणि परीक्षक तीच सर्वांत बारकाईने वाचतात. 2012 पासून केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध झालेले वर्णनही वैध धरले जाते, मात्र त्यासाठी झूबँक या अधिकृत नोंदवहीत नोंद व्हावी लागते. वर्तमानपत्रात किंवा भाषणात जाहीर केलेल्या नावाला शास्त्राच्या लेखी अस्तित्व नसते.

नाव ठेवण्यात मात्र थोडी मोकळीक आहे. स्थळावरून ठेवायचे तर बहुधा 'एन्सिस' हा प्रत्यय लागतो, जसे युकातानेन्सिस. पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर शेवटी 'ई' येते आणि स्त्रीच्या सन्मानार्थ असेल तर लॅटिन षष्ठीचे स्त्रीलिंगी रूप. स्वतःचेच नाव स्वतः ठेवू नये हा लेखी नियम नसून शिष्टाचार आहे, पण तो इतका पक्का आहे की मोडणाऱ्याचे हसेच होईल. नावामागे लिहिलेले वर्णनकर्त्याचे नाव आणि वर्ष कधी कंसात असते, कधी नसते, आणि त्यातही अर्थ असतो. असेटीस इंडिकसपुढे 'मिल्न-एडवर्ड्स, 1830' हे कंसाविना येते, कारण आजही तो मूळ वंशातच आहे. स्किला सेराटापुढे '(फोर्स्कोल, 1775)' हे कंसात येते, कारण तेव्हा चिंबोरीला कॅन्सर या वंशात घातले होते आणि पुढे तिचा वंश बदलला. भारतात सापडलेल्या प्रजातीसाठी आणखी एक बंधन आहे. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नवी प्रजाती सापडल्यास ती शासनाने नेमलेल्या भांडाराला कळवावी लागते आणि तिचा नमुना तेथे जमा करावा लागतो. अशा भांडारांत भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे, आणि खोल समुद्रातल्या जीवांसाठी कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्रातले 'भवसागर' हे संदर्भ केंद्र आहे.

हे सगळे व्हायला किती वेळ लागतो? 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्व सजीवांतल्या नव्या प्रजातींचा हिशेब मांडला होता, आणि नमुना गोळा झाल्यापासून वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी 21 वर्षे जातात असे त्यात दिसून आले. म्हणजे आज ज्या प्रजातीला नाव मिळते ती सरासरीने दोन दशके कुठल्यातरी फळीवर बसून असते. याची कारणे फार गूढ नाहीत. एखाद्या अँफिपॉड कुळाचे जबडे पाहून ओळख पटवणारी माणसे जगात मोजकीच असतात, ती निवृत्त होतात, आणि ज्या कामाचे फळ वीस वर्षांनी मिळते त्यासाठी नवी जागा निघणे कठीण असते. उलट, जाणकार डोळा योग्य जागी असला तर काम झटपटही होते. व्हिएतनाममध्ये बॅथिनोमस चक्क खाण्यासाठी विकला जातो आणि त्याला शेवंडाच्या तोडीचा भाव मिळतो. 2022 मध्ये क्वी न्योन या बंदरात मच्छीमारांकडून विकत घेतलेले काही नमुने सिंगापूरच्या तज्ज्ञांकडे पोहोचले, आणि 2025 च्या जानेवारीत त्यांतून बॅथिनोमस व्हेडरी ही नवी प्रजाती प्रसिद्ध झाली. 'स्टार वॉर्स' या विज्ञानपटातल्या काळ्या शिरस्त्राणाच्या डार्थ व्हेडर या खलनायकासारखे तिचे डोके दिसते म्हणून हे नाव. लोक ती आधीपासून उकडून खात होते, आणि यात मला काहीच विनोदी वाटत नाही, कारण जवळ्याचा इतिहासही तसाच आहे.

घाई असण्याचे कारण मात्र आता बाजारात नसून तळावर आहे. प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात निकेल, कोबाल्ट आणि मँगनीज असलेले गोटे पसरलेले आहेत आणि तेथे खाणकामाची तयारी चालू आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार तेथून 5,578 प्रजातींची नोंद झाली आहे, आणि त्यांतल्या 88 ते 92 टक्के प्रजातींना अद्याप शास्त्रीय नाव नाही. त्यांना 'प्रजाती 1', 'प्रजाती 2' असे तात्पुरते क्रमांक दिलेले असतात. एका चमूची 'प्रजाती 3' आणि दुसऱ्या चमूची 'प्रजाती 7' हा एकच प्राणी आहे की नाही हे नमुने शेजारी ठेवल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि तोवर तो प्राणी हजार किलोमीटर पसरलेला आहे की एकाच टेकाडावर उरला आहे हेही सांगता येत नाही. नाव मिळाल्याने काय होते याचे उदाहरण कवचधाऱ्यांबाहेरचे असले तरी हिंदी महासागरातलेच आहे. पायावर लोहयुक्त खवले असलेली एक गोगलगाय तेथील तळाच्या उष्ण झऱ्यांवर 2001 मध्ये सापडली, तिचे औपचारिक वर्णन 2015 मध्ये झाले, आणि 2019 मध्ये संभाव्य खाणकामाच्या धोक्यामुळे ती संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत गेली.

भारताकडेही मध्य हिंदी महासागरात अशा गोट्यांचा 75,000 चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. त्यासाठीचा शोधकरार 2002 मध्ये झाला, आणि 6,000 मीटरपर्यंत तीन माणसे नेऊ शकणारी 'मत्स्य 6000' ही पाणबुडी तयार होत आहे. तिने वर आणलेल्या प्रत्येक अँफिपॉडची चिठ्ठीही पेन्सिलीनेच लिहिली जाईल, आणि त्याची तुलना करायला बसणाऱ्याला अल्कॉक यांच्या वेळच्या बरण्या मागवून घ्याव्या लागतील.